आमच्याकडे झुरळं नाहीत

खरं सांगायचं तर झुरळांशी माझं वैयक्तिक वैर कधीच नव्हतं. ती ओट्याखाली राहत होती, आम्ही ओट्यावर काम करत होतो. दिवा लावला की ती पळायची आणि आम्ही न पाहिल्यासारखं करायचो. इतका समजूतदारपणा मी नोकरीतही कधी पाहिला नाही. आमचं शहर नदीच्या खोऱ्यात वसलेलं आहे. दोन्हीकडे टेकड्या असल्यामुळे आलेल्या उकाड्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि नदीला पाणी कमी, ओल जास्त. अशा हवेत माणूस कोमेजतो आणि झुरळ फोफावतं. हे सगळे जाणतात, पण बोलून कोणी दाखवत नाही.

हा तह मोडला तो भिंगरीच्या डॉक्टरांनी. भिंगरी म्हणजे माझी नात, माझ्या एकुलत्या एका लेकीची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून मीच ठेवलेलं हे नाव. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दर शनिवारी ती भिंगरीला आमच्याकडे सोडायची आणि रविवारी संध्याकाळी रडत्या भिंगरीला घेऊन जायची. निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात आठवडा म्हणजे शनिवार आणि रविवारच. बाकीचे वार नुसते कॅलेंडरवर असायचे.

भिंगरीला दमा जडला. रविवारी घरी गेली की सोमवारी तिची छाती वाजायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. धूळ चालते, मांजर चालतं, परागकण चालतात, झुरळ चालत नाही, असा निकाल लागला. झुरळ दिसायलाच हवं असं नाही, ते ज्या घरात फिरतं तिथली हवाच तिला बाधते, असंही डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी लेकीला विचारलं, "शनिवार-रविवार ही कुठे असते?"

लेकीने मला फोनवर सांगितलं, "बाबा, थोडे दिवस तिला पाठवत नाही. अभ्यास वाढलाय तिचा."

पहिलीतल्या मुलीचा अभ्यास! मी जावयाला फोन लावला. जावई साधा माणूस आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. "झुरळं, बाबा," तो म्हणाला आणि त्यानेच माझी माफी मागितली.

हे ऐकून हिने, म्हणजे माझ्या बायकोने, हातातला डबा खाली ठेवला. "आमच्याकडे झुरळं? आमच्याकडे?" ही दोनदा म्हणाली. तेवढ्यात एक झुरळ त्या डब्यामागून निघून शांतपणे गॅसच्या नळीवरून खाली उतरलं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं आणि दोघांनीही मान वळवली. मग ही म्हणाली, "ज्या घरात आपल्याला अस्वच्छ समजतात तिथे मी पाय ठेवणार नाही." म्हणजे भिंगरी इकडे यायची नाही आणि ही तिकडे जायची नाही. मला एकट्याने जायची परवानगी होती, पण ती ज्या आवाजात दिली गेली त्या आवाजात दिलेली परवानगी घेण्याइतका मी शूर नाही.

माझ्या मानाचाही प्रश्न होता. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. सगळी हयात मी दुकानदारांचे तराजू तपासले. मी बाजारात शिरलो की मालाच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण आपोआप निखळायचं. अशा माणसाने शेजाऱ्यांना काय विचारायचं? म्हणून मी एक मित्र निर्माण केला. त्या मित्राच्या घरात फार झुरळं झाली होती.

"माझ्या एका मित्राकडे ना," मी समोरच्या शिक्षिकाबाईंना म्हणालो, "झुरळांचा फार त्रास आहे."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे नाहीत हो. पण माझी एक मैत्रीण कपाटात तमालपत्र ठेवते."

तमालपत्र ठेवलं. झुरळं त्याखाली सावलीला बसू लागली. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्याही एका मित्राला हा त्रास होता. तो मित्र बोरिक पावडर, साखर आणि पिठाच्या गोळ्या करून ठेवायचा. हिने तशा गोळ्या केल्या आणि बशीत वाळत ठेवल्या. झुरळांनी त्यांना तोंड लावलं नाही. मी लावलं. दुपारच्या चहाबरोबर ही रोज काहीतरी ठेवते, त्यातलंच असेल असं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी "काय खाल्लंत?" असं विचारलं तेव्हा मी त्यांना मित्राबद्दल सांगू लागलो. त्यांनी मला भरपूर पाणी पाजलं आणि हिला बाहेर नेऊन मी हल्ली काही विसरतो का, असं विचारलं.

सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं, कीड मुळातूनच काढायला हवी. मूळ कुठे असतं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. "तुमच्या मित्राला माझी सहानुभूती कळवा," ते म्हणाले. त्या मित्राला एव्हाना सगळी इमारत ओळखू लागली होती.

मग मी पालिकेत गेलो. सरकारी माणसाचा सरकारवर विश्वास असतो, तो निवृत्तीनंतर उडतो. कीटक विभागातल्या कारकुनाने विचारलं, "डास?"

"नाही."

"उंदीर?"

"नाही. झुरळ."

त्याचा चेहरा पडला. "उंदीर असता तर लगेच माणूस दिला असता. एखादा उंदीर नाहीच का?" मी नाही म्हटल्यावर त्याने मला मलनिस्सारण विभागात पाठवलं. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की चेंबरमध्ये असेतोवर झुरळ पालिकेचं. पाईपमधून वर चढायला लागलं की सोसायटीचं. आणि एकदा का ते तुमच्या मोरीच्या जाळीतून आत आलं की सर्वस्वी तुमचं. "ते चेंबरमध्ये असताना तक्रार करा," ते म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा मला ते भेटत नाही. "हाच तर प्रॉब्लेम आहे," असं म्हणून त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

शेवटी औषधवाल्याला बोलवायचं ठरलं. मी फोनवर त्याला बजावलं, साध्या कपड्यांत ये, गाजावाजा नको. तो आला तो पाठीवर टाकी घेऊन. शर्टावर पुढे कंपनीचं नाव आणि मागे वीतभर झुरळ, उताणं पडलेलं, पाय वर केलेलं. जिन्यात नेमक्या शिक्षिकाबाई उभ्या. ही पुढे झाली आणि म्हणाली, "हे माझे लांबचे भाऊ." औषधवाल्याने बाईंना नमस्कार केला. बाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि "बरं वाटलं भेटून," असं म्हणून दार लावून घेतलं.

औषध मारलं. घरात श्वास घेववेना. पण चार दिवसांनी ओट्याखाली टॉर्च मारला तर एकही मिशी हलेना. मी लेकीला फोन करणार तोच वरच्या मजल्यावरून भांडी आपटल्याचे आणि चपला मारल्याचे आवाज येऊ लागले. पुढच्या आठवड्यात जिन्यात मला तेच उताणं झुरळ दिसलं. औषधवाला वर चढत होता. बँकवाले वरून म्हणाले, "आमचे गावाकडचे ओळखीचे आहेत, शेतीच्या कामासाठी आलेत."

मग चपलांचे आवाज शिक्षिकाबाईंकडून येऊ लागले. बाईंकडे तो माणूस जुना विद्यार्थी म्हणून आला. अध्यक्षांकडे पेशंट म्हणून. चार घरांत त्याची चार नाती होती, आणि जिन्यात भेटला की आपण कोण ते आधी डोळ्यांनी विचारून मगच तो नमस्कार करायचा. झुरळं शिस्तीने एका घरातून दुसऱ्या घरात जात होती. अध्यक्षांकडचं औषध झाल्यावर ती घरी आली. आमच्याकडे. पूर्वीपेक्षा तब्येती सुधारलेल्या दिसल्या.

भिंगरीला न पाहता असे महिने चालले होते. ती फोनवर बोलायची, पण मुलं फोनवर नीट बोलत नाहीत. "काय करतेस?" "काही नाही." "जेवलीस?" "हो." आणि मग नुसता श्वास ऐकू यायचा. त्या श्वासाकडे मी इतका कान लावून असायचो की बोलायचं राहून जायचं. थोडी शिट्टी वाजते आहे की फोनच खराब आहे, हे मला कधी ठरवता आलं नाही. फोन ठेवल्यावर ही विचारायची, "काय म्हणाली?" मी म्हणायचो, "छान आहे." त्यावर ही स्वच्छच असलेला ओटा पुन्हा पुसायला घ्यायची. माझ्या डोळ्यांदेखत ती म्हातारी होत चालली होती आणि त्याचं कारण सहा पायांचं होतं, या गोष्टीवर हसावं की रडावं ते कळत नव्हतं. रडावंसं जास्त वाटायचं.

मी औषधवाल्याला धारेवर धरलं. त्याने जांभई दिली. "साहेब, पाईप सगळ्यांचा एकच. सगळ्या इमारतीने एकदम करा, तीन दिवस घरं बंद ठेवा. नाहीतर मी आहेच. मला काय, काम चालू राहतं."

सोसायटीची सभा बोलावली. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात सगळी घरं जमली. विषय मी मांडला, म्हणजे माझ्या मित्राच्या इमारतीची हकीकत सांगितली आणि आपणही वेळीच सावध व्हावं असं सुचवलं.

"सूचना चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले. "ज्यांच्याकडे झुरळं आहेत त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. मी हिच्याकडे पाहिलं, हिने जमिनीकडे पाहिलं. मला भिंगरी आठवली, हात उचलावासा वाटला, मनगटापर्यंत उचललाही. मग बँकवाले माझ्याकडे बघू लागले आणि मी त्या हाताने चष्मा सारखा केला.

"मग ठराव कशाचा करायचा?" अध्यक्ष म्हणाले. त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळामागून एक झुरळ निघालं. चांगलं मोठं होतं. ते भिंतीवरून सावकाश उतरू लागलं आणि सगळी सभा मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्याच्याबरोबर खाली आली. ते अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर थांबलं, मिशा हलवून त्याने आम्हा सर्वांची हजेरी घेतली. शिक्षिकाबाई हवेबद्दल बोलू लागल्या. अध्यक्षीणबाई स्वयंपाकघरातून आल्या, चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला, पदराने ते झुरळ उडवलं आणि म्हणाल्या, "बाहेरून आलंय."

"बाहेरूनच," सगळे एका सुरात म्हणाले.

पण त्या झुरळाने काम केलं. बँकवाले हिशेबी माणूस. ते खाकरून म्हणाले, "सामाईक पाईपची वार्षिक स्वच्छता असा ठराव असेल तर माझी हरकत नाही. त्या निमित्ताने सगळ्या घरांतून एक हात फिरवून घेतील." टाळ्या पडल्या. ठरावात झुरळ हा शब्द कुठेही आला नाही. इतका एकमताने मंजूर झालेला ठराव आमच्या सोसायटीने पाहिला नव्हता.

तीन दिवस घर बंद ठेवायचं म्हटल्यावर जायचं कुठे? मी काही बोलायच्या आत लेकीचाच फोन आला. जावयाला मी बोलून गेलो होतो. "आई, इकडेच या ना," ती म्हणाली. "किती दिवस झाले." हिचा चेहरा मी बाजूने पाहत होतो. ही म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवून तत्काळ बॅग काढली. पाय न ठेवण्याचा विषय तिथेच संपला, मीही शहाण्यासारखा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता जी चूक झाली ती आमची दोघांची. औषधवाला म्हणाला होता, खाण्यापिण्याच्या वस्तूंना औषध लागू देऊ नका. म्हणून हिने तिचा मिक्सर बरोबर घेतला. लेकीकडचा मिक्सर बारीक वाटत नाही असं हिचं जुनं मत आहे. आणि मी माळ्यावरून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. निवृत्त होताना कचेरीने मला एक छोटा पितळी तराजू दिला होता, मखमलीत बसवलेल्या वजनांसह. तो भिंगरीला खेळायला द्यावा असं मनात आलं. वर्षानुवर्षं माळ्यावर, गॅसच्या बरोबर वर, ऊबेत ठेवलेलं खोकं. मी ते उघडूनही पाहिलं नाही. वरची धूळ तेवढी मायेने पुसली आणि मांडीवर घेऊन सगळा प्रवास केला.

लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि भिंगरी माझ्या पायांना येऊन आदळली. ती उंच झाली होती. समोरचा एक दात पडला होता, आणि तो पडताना आम्ही तिथे नव्हतो. दोन दिवस काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. सुखाला तपशील नसतात. भिंगरीने तराजूत बिस्किटं तोलली, चपला तोलल्या, आजीच्या बांगड्या तोलल्या. बिस्किटाचं वजन भरत नाही म्हणून तिने एक तुकडा खाऊन पुन्हा तोललं आणि आता आणखी कमी भरतं म्हणून मला दंड केला. मी इतका हसलो की ही स्वयंपाकघरातून बघायला आली. छाती वाजत नव्हती. मी दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्ताने तिच्या पाठीला कान लावत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. लेकीचं स्वयंपाकघर पांढरं आहे, भिंतीच्या फरशाही पांढऱ्या. हिच्या मिक्सरशेजारी भिंगरीचा दम्याचा पंप ठेवला होता आणि त्या पंपावर ते बसलं होतं. मिशा हलवत होतं. आमचंच होतं. इतक्या वर्षांच्या सहवासाने मी ते ओळखत होतो.

मी हात उगारला, ते मिक्सरच्या बुडाखाली शिरलं. मी मिक्सर उचलला तर खालून दोन लहानगी निघाली आणि फ्रिजमागे गेली. मी मिक्सर हळूच होता तिथे ठेवला.

घरात कोणी पाहिलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर आम्ही दुपारी निघालो असतो, दारात भिंगरीचे मुके घेतले असते आणि पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे आली असती. पुढेमागे इथे झुरळं झाली असती तर ती खालच्या मजल्यावरून आली असं सगळ्यांनी मानलं असतं. मला हे सगळं एका क्षणात सुचलं, त्याचीच मला भीती वाटली. मित्र तयारच होता, नुसती हाक मारायची खोटी होती.

लेक चहा टाकायला आत आली.

"झुरळं आहेत," मी म्हणालो. "आमच्याकडची आहेत. मिक्सरमधून आलीत, नाहीतर माझ्या खोक्यातून. फ्रिजमागे गेलीत."

आवाज माझा मलाच परका वाटला. दारात ही उभी होती. "कशावरून आपली?" ही म्हणाली. "खालच्यांकडची असतील. आपल्याकडे..." ती तिथेच स्टुलावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

लेकीने पंप उचलला, गरम पाण्याखाली धरला, पुसला, पुन्हा धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काल सकाळीच दिसलं होतं, बाबा."

"काल? मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? आई इतक्या महिन्यांनी आली. तुम्ही तिथे बिस्किटं तोलत बसला होतात. म्हटलं, एकच दिवस राहिलाय." तिने पंप आणखी एकदा पाण्याखाली धरला. "म्हटलं, एका दिवसाने काय होतंय."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला सायकल मी शिकवली, पाढे मी शिकवले. हे मी कधी शिकवलं ते मला आठवेना, पण ती माझ्याहून चांगलं शिकली होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि चांगलं ओरडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच जमलं नाही.

बाहेरच्या खोलीत भिंगरी खोकली.

आम्ही तिघं होतो तिथे थबकलो. लेकीसमोर नळ तसाच वाहत राहिला, तो बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. खोकला तसा साधा होता, कोणत्याही मुलाला येतो तसा. आम्ही दुसऱ्याची वाट पाहत उभे राहिलो. बराच वेळ तो आला नाही.

मग आला.

लेक पंप घेऊन बाहेर धावली. मी मिक्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, खोकं जिन्यात नेऊन ठेवलं, आणि ही बॅग भरायला उठली.